ज्या हातची बिस्किटं

पिंपरी, ११ जानेवारी १९७०

गौहरआपा,

सलाम. मराठीत लिहिते आहे. चाकणला आपण दोघी मराठी शाळेतच शिकलो, आणि उर्दू मला तुझ्याइतकी कधी आली नाही. शिवाय जुन्नरला हे पत्र मामूंच्या हातात पडलं तरी त्यांना वाचता येणार नाही.

माझ्या लग्नाला आठ महिने झाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मामूंकडे गेलीस ती परत आली नाहीस. कोणी विचारलं तर अम्मा सांगते, मामूंच्या घरी बाईमाणूस नाही म्हणून गौहर तिकडे असते. मीही तेच सांगते.

मी बरी आहे. दोन खोल्या आहेत, मागे थोडी मोकळी जागा. सासूबाई, नणंद, हे, आणि थोरले दीर हनीफभाई. हनीफभाईंची बायको तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. ते मोटारी आणि तेलावरची इंजिनं दुरुस्त करतात. हे कंपनीत आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते.

काम असं आहे. १ मार्चला नणंदेची मंगनी आहे. पाहुणे पुण्याहून येतील. सासूबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं आहे की आमच्या सुनेच्या हातची बदामाची बिस्किटं खा आणि मग बोला. आजवर मी टाळत आले. आधी उन्हाळा होता, मग पावसानं कोळसा ओला, मग रमजान. ईदला त्यांनी विचारलं तेव्हा मला ताप होता. थोडा होता. आता कारण उरलेलं नाही.

तू कशी करायचीस ते लिहून पाठव. मी शेजारीच बसलेली असायचे, पण बघितलं नाही. मला फक्त वास आठवतो.

सासूबाई पहिल्यांदा आपल्या घरी आल्या त्या दिवशीची बिस्किटं तुझी होती, हे इथे कोणाला माहीत नाही. त्यांनी विचारलं होतं, ही कोणाच्या हातची. अम्मा म्हणाली, नजमूच्या. तू आत सिगडीजवळ होतीस. तुला ऐकू आलं होतं का, मला माहीत नाही.

तुझी
नजमुन्निसा


२५ जानेवारी

आपा,

कार्ड मिळालं. आठ ओळी आहेत. वर सलाम नाही, खाली नाव नाही. अक्षर तुझं आहे.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. तूप फेटून पांढरं केलं. साखर दळून घातली, मैदा आणि बदामाची पूड शेवटी. देगचीत चार बोटं वाळू घालून ती तापवली, वर थाळी ठेवली, झाकणावर निखारे. वर जास्त, खाली कमी. वाळू हनीफभाईंनी नदीवरून आणून चाळून दिली. कशाला हवी ते त्यांनी विचारलं नाही. त्यांचं बोलणं कमीच असतं.

सासूबाई खडकीला गेल्या होत्या तो दिवस मी धरला. झाकण काढलं तर बिस्किटं नव्हती. सगळे गोळे पसरून एक झाले होते, थाळीएवढं एक. शेजारच्या सरूबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्ये काय गं, थालीपीठ हाय व्हय?" मी म्हटलं, बिस्किटं आहेत. त्यांनी एक तुकडा मोडून खाल्ला. "ग्वाड थालीपीठ पयल्यांदाच बघितलं," म्हणाल्या. उरलेलं मी त्यांच्या शेळीसाठी दिलं, सासूबाई यायच्या आत संपावं म्हणून. संध्याकाळी सरूबाईंनी सांगितलं, शेळीबी नुसती हुंगून गेली.

तुझ्या आठ ओळींत काही लिहायचं राहिलं आहे का? तूप इथे डेअरीचं मिळतं, त्यामुळे असेल का? वाळू नदीची, तिचा काही फरक पडतो का?

तू बरी आहेस का, ते लिहिलं नाहीस. मीही पहिल्या पत्रात विचारलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं.

नजमू


४ फेब्रुवारी

आपा,

आणखी दोनदा करून बघितलं. एकदा खालून काळी आणि आत कच्ची. एकदा पुन्हा पसरली, पण जरा कमी.

या वेळी सासूबाई घरात होत्या. त्यांनी एक तोंडात घातलं, हळूहळू चावलं, पाणी प्यायल्या. बाकीची डब्यात भरून डबा फळीवर ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांनी दोन कंपनीत नेली. परत येऊन सांगतात, फोरमननं विचारलं हा माल कुठल्या खात्याचा, ग्राइंडिंगला पाठवला का नाही. नणंद हसली. मीही हसले. हनीफभाई हसले नाहीत, त्यांनी पुढ्यातलं संपवलं. त्याचा अर्थ काय धरायचा ते कळलं नाही.

आपा, एक विचारते, रागावू नकोस. तू मुद्दाम काही गाळलं आहेस का? तेच तूप, तोच मैदा, तेच निखारे, आणि चाकणला झाकण काढलं की ती कशी एकेक सुटी बसलेली असायची, वरून बारीक तडकलेली. मग इथे का होत नाही? दोनच गोष्टी असू शकतात. एक, माझ्या हातात काही खोट आहे. दुसरी मी वर लिहिली.

गाळलं असशील तर मला ते समजेल. म्हणजे समजेल असं वाटतं. का समजेल ते लिहिता येत नाही.


१२ फेब्रुवारी

आपा,

तुझं कार्ड: "मी काही लपवलेलं नाही. तू काय करतेस ते सगळं लिही. जे बिस्किटांचं नाही तेही लिही."

लिहिते.

दुपारची भांडी झाली की बदाम गरम पाण्यातून काढून सोलते, पुसते, कुटते. तूप परातीत घेऊन तळहातानं फेटते. हात दुखतो तेव्हा दुसऱ्या हातानं. पांढरं होतं. साखर, वेलदोडा, मैदा, बदाम. सिगडी आधीच पेटवून ठेवलेली असते, कारण इथला कोळसा लवकर जळून जातो आणि निखारे वाया जातील अशी भीती वाटते. म्हणून मळलं की लगेच गोळे करते, वर अर्धा बदाम दाबते आणि थाळी आत ठेवते. गोळे तेव्हा मऊ असतात, बोटांना चिकटतात. मी घाई करते. घाई केली नाही तर कोणीतरी येऊन बघेल असं वाटत असतं.

जे बिस्किटांचं नाही ते असं. काल सासूबाई कॅम्पातल्या दुकानातून स्वतः बदाम घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवले. मग समोर बसून सोलायला लागल्या. त्यांना कळलं आहे का? कळलं असतं तर बदाम आणले असते का? की कळलं म्हणूनच आणले? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बदाम सोलताना माणसाच्या तोंडावर काहीच दिसत नाही.

मंगनीला सतरा दिवस राहिले.

नजमू


२० फेब्रुवारी

आपा,

तुझं कार्ड मी चार वेळा वाचलं. इथे उतरवून तुझ्याकडेच ठेवायला देते, कारण कार्ड उघडं असतं आणि घरात ठेवायची भीती वाटते.

"मला आठवलं. पीठ मळून, ओल्या फडक्याखाली ठेवून मी वजू करायचे आणि असरची नमाज पढायचे. त्यानंतर सिगडी पेटवायचे. ते लिहिलं नाही, कारण ते मी बिस्किटांसाठी करत नव्हते."

परवा तसं केलं. पीठ झाकलं, वजूचे हातपाय धुतले, तिसऱ्या प्रहरी नमाजला उभी राहिले. खरं सांगायचं तर लक्ष पिठाकडे होतं. परत येऊन बघितलं तर तूप आवळून आलं होतं, गोळे बोटांना लागले नाहीत. झाकण काढलं तेव्हा ती एकेक सुटी होती आणि वर तडे होते. सरूबाईंना दोन दिली. त्या म्हणाल्या, "आता बिस्कुट हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. तसा झाला, थोडा वेळ.

तू काही गाळलं नव्हतंस. मी तुला विचारलं होतं की गाळलंस का, आणि तू मला आठवून आठवून उत्तर दिलंस. म्हणून आता एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं की अम्मा म्हणाली, नजमूच्या हातची. अम्मा काही म्हणाली नव्हती. सासूबाईंनी बिस्किट मोडलं, खाल्लं, विचारलं. अम्मा जमिनीकडे बघत होती. तिला तुझं नाव घ्यायचं नव्हतं, नाव घेतलं की तुझा तलाक निघाला असता. पण माझंही नाव तिनं घेतलं नाही. मी हातात थाळी घेऊन उभी होते. मी म्हटलं, माझी.

इतके महिने मी स्वतःला सांगत होते की ती शांतता मला सहन झाली नाही. तेही खरं नाही. मला सासूबाई आवडल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे आणखी बघावं असं वाटलं.

आतला फुंकणीचा आवाज तेव्हा थांबला होता. म्हणजे तुला ऐकू आलं. हे मला तेव्हापासून माहीत आहे.

नजमू


२७ फेब्रुवारी

आपा,

हे पत्र मी काल लिहून फाडलं. आज परत लिहिते आहे.

काल मंगनीसाठी पहिली थाळी केली. सासूबाईंनी गरमच एक खाल्लं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, अगदी तीच, त्या दिवशीची. मग खूश होऊन बोलत बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

"आता तुला सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मी धाकट्यासाठी, शफीसाठी, आलेच नव्हते. हनीफसाठी आले होते. मला कळलं होतं, चाकणच्या सायकलवाल्यांची थोरली मुलगी नवऱ्याकडून परत आलीय, दोष तिचा नाही. म्हटलं बघून यावं. बिस्किट तोंडात घातलं आणि मनात म्हटलं, हीच. तर तू म्हणालीस, माझी. आता एकोणीस वर्षांची पोर मी बिजवराला कशी मागू? मग शफीचं नाव काढलं."

मी विचारलं, थोरलीबद्दल मग विचारलं का नाहीत. त्या म्हणाल्या, ज्या घरात धाकटीच सगळं करते तिथल्या थोरलीचं काय विचारायचं. आणि उठून सिगडीतली राख काढायला लागल्या.

आपा, मी गप्प राहिले असते तर तू या घरात असतीस. मी कुठे असते ते माहीत नाही. मला वाटत होतं, मी तुझी बिस्किटं घेतली. किती घेतलं ते आता समजतंय, आणि तेही नीट समजत नाही. कदाचित तू हो म्हटलं नसतंस. कदाचित हनीफभाईंनीच नाही म्हटलं असतं. पण विचारलं तर गेलं असतं. दोन्ही उत्तरं मी एका शब्दानं पुसली.

हे तुला का कळवते आहे? तुला कळायला हवं म्हणून, की मला हलकं वाटावं म्हणून? न कळवणं बरं होतं का? काल फाडलं तेव्हा तसं वाटलं. आज तसं वाटत नाही. उद्या काय वाटेल ते माहीत नाही, म्हणून आजच टाकते.

रात्री हनीफभाई समोर बसून जेवत होते. मी त्यांना भाकरी वाढली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.


३ मार्च

आपा,

मंगनी झाली. सहा थाळ्या केल्या होत्या. पाहुण्यांत एक म्हातारी होती, तोंडात दात नाही, तिनं चहात बुडवून सात खाल्ली आणि आठवं ओढणीत बांधलं. सगळे हसले. सासूबाई तर दिवसभर हसत होत्या.

काल सकाळी भांडी घासताना मी त्यांना सांगितलं. आधी ठरवलं नव्हतं. त्या देगचीतली वाळू ओतत होत्या. मी म्हटलं, त्या दिवशीची बिस्किटं गौहरआपाची होती. मला तेव्हा पीठसुद्धा मळता येत नव्हतं.

त्यांनी सगळी वाळू ओतून होईपर्यंत मान वर केली नाही.

"लग्नाआधी का नाही बोललीस?"

"तुम्ही निघून गेला असता."

"गेले असते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि कालची कोणाची?"

"कालची माझी."

"मग एवढ्या भांड्यांत एकटी काय करत बसलीस," असं म्हणून त्यांनी राखेचा डबा ओढून घेतला आणि माझ्याबरोबर भांडी घासली. रागावल्या की नाही ते मला अजून कळलेलं नाही. 

ह्यांना मीच सांगितलं. ते आधी हसले. म्हणाले, "म्हणजे मी भाईच्या जागेवर हजेरी लावतोय होय." मग हसू गेलं. डबा न घेता पाळीला गेले. रात्री आले तेव्हा म्हणाले, भूक लागली होती. तेवढंच.

आज सासूबाईंनी सांगितलं, मुहर्रम लागला की सोयरिकीचं बोलता येणार नाही, त्याच्या आत जुन्नरला जाऊन येऊ, हनीफला मी सांगते. मी म्हटलं, आधी आपाला विचारते. त्या म्हणाल्या, "तू आता कोणाच्या वतीनं काही करायचं नाहीस."

तेव्हा विचारत नाही, फक्त कळवते आहे. रविवारी दोघे येतील. मला थांबवता आलं नाही. थांबवायला हवं होतं की नाही, तेही कळलं नाही. तुला नको असेल तर नको म्हण. माझा विचार करू नकोस. हे लिहिलं आणि वाटलं, तू माझा विचार का करशील.


१० मार्च

आपा,

रविवारी दोघे शेवटच्या गाडीनं परत आले. सासूबाईंनी बुरखा काढला, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाही म्हणाली."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटली. मग तुझा राग आला. एवढं सगळं त्या पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत झालं. यातलं खरं कुठलं, ते मी दोन दिवस शोधते आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं बोलणं सांगितलं. तू म्हणालीस, "माझं इथे बरं चाललंय. दुपारी मुली शिवण शिकायला येतात. पण तुम्ही मला विचारलंत, ते मला आवडलं." सासूबाई म्हणतात, बाई सरळ आहे. हे त्या चांगल्या अर्थानं म्हणतात, असं मला वाटतं.

माझ्याबद्दल तू एकच विचारलंस म्हणे. नजमूच्या हाताला भाजलंय का. त्यांनी सांगितलं, दोन ठिकाणी. तू म्हणालीस, मग जमत असेल तिला. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी चुलीकडे तोंड करून होते. 

आता दुसरं लिहिते, ते मला अजिबात समजलेलं नाही. हनीफभाई जाताना नवा शर्ट घालून गेले होते. परत आले तेव्हा दोन्ही बाह्या कोपरापर्यंत काळ्या. सासूबाई म्हणाल्या, मामूंच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन पंधरा दिवस बंद आहे, नाही म्हणून झाल्यावर तूच त्यांना ते दाखवायला घेऊन गेलीस. तिकडे दोन तास लागले. त्या दोन तासांत इंजिन सुरू झालं नाही.

नकार घेऊन आलेला माणूस गप्प बसेल, असं मला वाटलं होतं. हनीफभाई एरवी गप्पच असतात. काल ते अंगणात सतरंजी पसरून हत्यारं पुसत बसले आणि मला म्हणाले, "तुझी बहीण पान्हा मागितला की पान्हाच देते. माझ्या गॅरेजात कोणी देत नाही." लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी एवढं बोललेले नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. 

तू नाही म्हणालीस ते आम्ही नाही असंच धरतो. सासूबाईंनी तसं घरात सांगितलं आहे, मुहर्रम लागला आहे, विषय बंद. मी काही विचारत नाही आणि माझ्या मनानं काही ठरवत नाही. पण रविवारी हनीफभाई परत जुन्नरला येणार आहेत, तेवढं कळवते. मामूंच्या इंजिनाला तीन-चार रविवार तरी लागतील, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं आहे. हे म्हणतात, तसलं इंजिन भाई अर्ध्या तासात चालू करतो.

नजमू